नभोवाणी केंद्रांचे परवाने आणि श्रोत्यांचा हक्क

आमच्या घरातील एका जुन्या पेटीत वडिलांच्या नावाचे, टपाल खात्याने दिलेले रेडिओ परवान्याचे एक लहानसे पुस्तक आहे. दरवर्षी टपाल कचेरीत जाऊन शुल्क भरावयाचे, पुस्तकात तिकिटे चिकटवून त्यांवर शिक्का मारून घ्यावयाचा आणि मगच घरातला रेडिओ पुढील वर्षासाठी कायदेशीर ठरावयाचा, असा तो काळ होता. जिंतूर तालुक्यातील एका खेड्यात शिक्षकी करणाऱ्या माणसाला हे वार्षिक कर्तव्य टाळून चालत नसे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास हा परवाना रद्द झाला आणि पुस्तक पेटीत जाऊन पडले.

ऐकणाऱ्याचा परवाना असा इतिहासजमा झाला. बोलणाऱ्याचा मात्र कायम राहिला. कोणत्या संस्थेने केंद्र चालवावे, किती वर्षे चालवावे आणि मुदत संपल्यावर ते तिच्याकडे राहावे की नाही, हे आजही दिल्लीत ठरते. यांतील पहिल्या दोन प्रश्नांची थोडीफार चर्चा होते. लिलाव झाला, अमुक कोटी आले, नवी केंद्रे मंजूर झाली, अशा बातम्या आपण वाचतो. तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे परवान्याच्या नूतनीकरणाकडे, मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. वस्तुतः सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. परवाना देताना सरकारपुढे केवळ आश्वासने असतात. नूतनीकरणाच्या वेळी दहा-पंधरा वर्षांचे काम पुढे असते. हिशेब मागण्याची खरी वेळ तीच. आणि नेमक्या त्याच वेळी श्रोत्याला खोलीबाहेर उभे करावयाचे, अशी आपल्या नियमांची रचना आहे.

लिलावाचा धडा

या रचनेचे मूळ समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही आणि खासगी धनिकांचीही असता कामा नये. न्या. पी. बी. सावंत यांच्या त्या निकालपत्रात श्रोत्यांच्या आणि प्रेक्षकांच्या हक्काला मध्यवर्ती स्थान होते. सार्वजनिक मालमत्तेचा वापर सार्वजनिक हितासाठी व्हावा, त्यासाठी स्वायत्त यंत्रणा असावी, हा त्या निकालाचा गाभा होता.

सरकारने त्यातून मक्तेदारी संपविण्याचा भाग उचलला आणि त्याची अंमलबजावणी लिलावाच्या मार्गाने केली. १९९९-२००० मध्ये ४० शहरांतील १०८ एफएम वाहिन्यांसाठी बोली लावली गेली. परवाना दहा वर्षांचा आणि शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारे, अशी अट होती. मुंबईची बोली वर्षाला पावणेदहा कोटी रुपयांपर्यंत चढली. पुढे जे व्हावयाचे तेच झाले. १०८ पैकी प्रत्यक्षात सुरू झाल्या त्या जेमतेम वीस-बावीस. बोली जिंकणारा अनेकदा किमतीचा अंदाज चुकल्यामुळेच जिंकतो, हा अर्थशास्त्रातील जुना धडा या निमित्ताने पुन्हा शिकावयास मिळाला.

२००५ च्या दुसऱ्या टप्प्यात ठोक शुल्काऐवजी एकदाच भरावयाचे प्रवेशशुल्क आणि उत्पन्नातील ४ टक्के हिस्सा अशी पद्धत आली. ही सुधारणा निःसंशय शहाणपणाची होती. पण त्या धोरणात मुदतवाढीची तरतूदच नव्हती. दहा वर्षे झाली की परवाना आपोआप संपुष्टात येणार आणि जुन्या चालकाला कोणतीही सवलत मिळणार नाही, असे नियम सांगत होता. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा, २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणानुसार, जुन्या केंद्रांना ठरावीक स्थलांतर शुल्क भरून पंधरा वर्षांच्या नव्या मुदतीत प्रवेश देण्यात आला. ही मुदत १ एप्रिल २०१५ पासून मोजली जाते. म्हणजे २०३० च्या मार्चअखेर तोच प्रश्न पुन्हा दाराशी येईल.

चालू केंद्रे एकाएकी बंद पाडावयास हवी होती, असे माझे म्हणणे नाही. त्यांत काम करणाऱ्यांचा रोजगार आणि श्रोत्यांची सवय या दोन्ही गोष्टी जपण्याजोग्याच होत्या. आक्षेप वेगळा आहे. हे केंद्र दहा वर्षे काय ऐकवीत होते, ज्या शहराच्या आकाशातून त्याने कमाई केली त्या शहराच्या उपयोगी ते किती पडले, हे त्या शहराला विचारण्याची सोय त्या सगळ्या व्यवहारात कोठेही नव्हती. तिजोरीला किती मिळणार याचा हिशेब दशांशापर्यंत झाला. श्रोत्याला काय मिळाले याचा झालाच नाही.

२८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली. राखीव किंमत ७८४.८७ कोटी रुपये ठरली. मातृभाषेतील स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळावी, हा हेतू तेव्हा जाहीर करण्यात आला. हेतू उत्तम आहे. परंतु जाहिरातदार जेथे आहे तेथेच व्यापारी केंद्र जगते, हे विसरून चालणार नाही. सोयाबीन आणि कापसाचा भाव पडला की ज्या बाजारपेठेतील दुकानदार दिवाळीची पाटीसुद्धा नवी रंगवीत नाही, तेथे तीन-चार व्यापारी केंद्रे कशावर जगावीत?

सामुदायिक केंद्रांची कसरत

म्हणूनच परभणीसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ठरते ती सामुदायिक नभोवाणी. २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठे व कृषी विज्ञान केंद्रे यांना अशी केंद्रे काढण्याची मुभा मिळाली. प्रक्षेपकाची शक्ती मर्यादित असते आणि आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात पोहोचतो. व्यक्तींना व राजकीय पक्षांना परवाना मिळत नाही. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झाले पाहिजेत, असे बंधन आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे २००८ साली सुरू झालेल्या ‘माणदेशी तरंग’ने दुष्काळी तालुक्यातही असे केंद्र चालू शकते, हे दाखवून दिले. आज देशात अशी सुमारे पाचशे केंद्रे आहेत. देशाच्या आकाराच्या मानाने ही संख्या किती तोकडी आहे, हे सांगावयास नकोच.

या केंद्रांना २००६ च्या धोरणाने परवाना दिला तो पाच वर्षांचा. मुदत संपल्यावर काय, याची स्पष्ट तरतूद मात्र धोरणात नव्हती. पहिल्या केंद्रांच्या मुदती संपू लागल्या तेव्हा, २०१४ साली, दूरसंचार नियामक प्राधिकरणाला त्यावर शिफारशी कराव्या लागल्या. मधल्या काळात, २०१२ साली, लहरींच्या वापराचे वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून एकदम ९१,००० रुपये करण्यात आले होते. देशभरातील केंद्रांनी निषेध केल्यावर ही वाढ मागे घेण्यात आली. ज्या केंद्राचा सूत्रधार महिन्याला चार-पाच हजारांच्या मानधनावर काम करतो, त्याला अशा एका परिपत्रकाने कसा घाम फुटत असेल, याची कल्पना विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाला सहज करता येईल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये या धोरणात सुधारणा झाल्या. परवान्याची पहिली मुदत दहा वर्षांची करण्यात आली. जाहिरातींची मर्यादा तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटांवर आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपयांवर गेला. आकडेमोड करून पाहू. जुन्या नियमाने एका तासाचे कमाल उत्पन्न २,१८४ रुपये होत होते. नव्याने ते ५,३२८ रुपये होते. कागदावर ही वाढ अडीचपटीच्या घरात जाते. अर्थात तासाची सर्व बारा मिनिटे सरकारी जाहिरातींनी भरून निघतील, असे समजण्याइतका कोणी भाबडा नाही. तरीही मुदत वाढणे हा मोठाच दिलासा आहे. पाच वर्षांच्या परवान्यावर कोणती बँक उभे करील आणि कोणता तरुण या कामाला आयुष्य वाहील?

पण येथेच एक धोका संभवतो. मुदत जितकी लांब, तितकी मुदतीअखेरची तपासणी अधिक काटेकोर हवी. मुदत वाढविली आणि तपासणी मात्र ऑनलाइन अर्ज, शुल्काची पावती व काही प्रमाणपत्रे इतकीच ठेवली, तर परवाना ही सेवेची जबाबदारी न राहता मालकीचा उतारा होऊन बसेल. आपल्या मराठवाड्यात ही भीती काल्पनिक नाही. शिक्षणसंस्था, साखर कारखाना, बाजार समिती आणि पतपेढी एकाच घराण्याकडे असलेले तालुके प्रत्येक वाचकाला ठाऊक आहेत. राजकीय पक्षाला परवाना मिळत नाही हे खरे. पण पुढाऱ्याच्या संस्थेला तो मिळण्यास नियमांची फारशी आडकाठी नाही. अशा संस्थेच्या केंद्रावरून गावच्या पाणीटंचाईविषयी बोलले जाते की संस्थापकांच्या वाढदिवसाविषयी, हे दिल्लीतील अधिकाऱ्याला कागदांवरून कसे कळणार? ते कळते फक्त ऐकणाऱ्याला.

श्रोत्याला विचारले तर

श्रोत्याला विचारण्याची कल्पना नवी नाही, अव्यवहार्यही नाही. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात जॅक्सन या शहरी डब्ल्यूएलबीटी नावाचे एक दूरचित्रवाणी केंद्र होते. आसपासच्या लोकवस्तीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे असूनही केंद्र त्यांच्या प्रश्नांना थारा देत नसे. त्यांच्या हक्कांविषयी कोणी पडद्यावर बोलू लागले की तांत्रिक बिघाड झाल्याची पाटी झळकते, अशी त्या केंद्राची ख्याती झाली होती. १९६४ साली परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली, तेव्हा एका चर्चसंस्थेने आणि स्थानिक कृष्णवर्णीय नेत्यांनी त्याला हरकत घेतली. तेथील परवाना आयोगाचे म्हणणे असे की, ज्याचे आर्थिक हितसंबंध गुंतले आहेत तोच हरकत घेऊ शकतो. केवळ प्रेक्षक असणे पुरेसे नाही. १९६६ साली अपील न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले आणि ज्यांच्यासाठी प्रक्षेपण चालते त्यांना सुनावणीत बाजू मांडण्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला. आयोगाने सुनावणीचा उपचार पार पाडून परवाना पुन्हा बहाल केला, तेव्हा १९६९ मध्ये न्यायालयाने तो परवानाच रद्द ठरविला.

त्याच अमेरिकेत पुढे वारे फिरले. १९८१ पासून नूतनीकरणाचा अर्ज पोस्टकार्डाएवढा आटोपशीर झाला आणि १९९६ च्या कायद्याने मुदत आठ वर्षांवर गेली. हक्क एकदा मिळाला म्हणजे तो आपोआप टिकतो असे नाही, हाही या कथेचाच उत्तरार्ध आहे.

परंतु उदाहरणासाठी इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या जिल्ह्यातील ऊस उत्पादकाला ‘गाळप परवाना’ हा शब्द चांगला परिचित आहे. प्रत्येक हंगामापूर्वी कारखान्याला साखर आयुक्तांकडून हा परवाना घ्यावा लागतो आणि मागील हंगामातील रास्त व किफायतशीर दराची रक्कम थकविणाऱ्या कारखान्याचा परवाना रोखून धरता येतो. या व्यवस्थेत पळवाटा नाहीत असे नाही. तरीही तिच्यामागील तत्त्व निर्विवाद आहे. ज्याच्या उसावर कारखाना चालतो, त्याचे देणे दिल्याशिवाय पुढचा हंगाम सुरू करता येऊ नये. ज्याच्या आकाशातून केंद्र बोलते, त्याचे देणे दिले की नाही, हे मुदत वाढविण्यापूर्वी पाहावे, एवढीच मागणी नभोवाणीच्या बाबतीत करावयाची आहे.

परभणीची गरज

कोणी विचारील की, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना नभोवाणीची ही उठाठेव कशाला? या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही पावसाळ्यांनी दिले आहे. २०२४ च्या सप्टेंबरच्या आरंभी आणि पुन्हा २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार माजविला. अशा रात्री वीज जाते, मोबाइलची बॅटरी उतरते आणि मनोरे मुके होतात. येलदरीतून किती पाणी सोडले, दुधना कोठे पात्राबाहेर आली, गंगाखेडजवळ गोदावरीची पातळी काय, जिंतूरचा रस्ता चालू आहे की बंद, ही माहिती नदीकाठच्या माणसाला तेव्हा हवी असते. मुंबईहून येणाऱ्या बातमीपत्रात ती मावत नाही आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत खरे-खोटे निवडता येत नाही. दोन सेलवर चालणारा रेडिओ मात्र बोलत राहतो. प्रश्न त्यातून कोण बोलते, हा आहे. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देण्यास आजही बंदी आहे. तथापि हवामान, नैसर्गिक आपत्ती, वीज-पाणी आणि आरोग्य यांसंबंधीच्या सूचनांना ती लागू नाही. एवढ्या मोकळिकीतही पुष्कळ काम होऊ शकते.

परभणीला नभोवाणीची परंपरा नाही असेही नाही. आकाशवाणीचे परभणी केंद्र पन्नासहून अधिक वर्षे मराठवाड्याच्या कानाशी आहे. १९७२ साली येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या संशोधनातून आलेली ज्वारीची, भेंडीची वाणे खेडोपाडी पोहोचली, त्यांत नभोवाणीवरील शेतीविषयक भाषणांचाही वाटा आहे. पण आकाशवाणीला खासगी केंद्रांसारखा मुदतीचा परवाना नाही, म्हणून नूतनीकरणही नाही. स्थानिक कार्यक्रमांचे तास वाढवावेत की कमी करावेत, रिक्त पदे भरावीत की नाही, हे निर्णयही दूर कोठेतरी होतात. श्रोत्याची सुनावणी खासगी केंद्राबाबत नाही आणि सरकारी केंद्राबाबतही नाही. या एका बाबतीत दोहोंत संपूर्ण समानता आहे.

जिल्ह्याला तालुके नऊ. परभणी शहरातील एका लहान प्रक्षेपकाचा आवाज जिंतूर, गंगाखेड किंवा सोनपेठपर्यंत पोहोचणार नाही. २०२४ च्या नियमांनी एका स्वयंसेवी संस्थेला वेगवेगळ्या जिल्ह्यांत मिळून सहा केंद्रे काढण्याची मुभा दिली आहे. आमची निकड मात्र एकाच जिल्ह्यातील वेगवेगळ्या तालुक्यांची आहे. नियम करणाऱ्यापुढे नकाशा असतो, नियम सोसणाऱ्यापुढे रस्ता असतो. म्हणून नियम ठरविताना रस्त्यावरच्या माणसाला विचारावयाचे असते.

काय करता येईल

नूतनीकरणाच्या नियमांत पुढील गोष्टी आणणे अशक्य नाही. मुदत संपण्यापूर्वी सहा महिने तरी निर्णय व्हावा; सरकारकडून विलंब झाल्यास जुना परवाना निर्णय होईपर्यंत चालू समजावा, म्हणजे एखाद्या टेबलावर फाईल अडल्यामुळे केंद्राचा आवाज बंद होणार नाही. प्रत्येक केंद्राने दरवर्षी आपला जमाखर्च, स्थानिक कार्यक्रमांचे तास आणि आलेल्या तक्रारी यांचा गोषवारा मराठीत प्रसिद्ध करावा आणि तो स्वतःच्या केंद्रावरून वाचूनही दाखवावा. मुदतीअखेर जिल्ह्याच्या ठिकाणी एक जाहीर सुनावणी व्हावी. तीत शेतकरी, शिक्षक, विद्यार्थी, कोणाही श्रोत्याला बोलता यावे. नकार द्यावयाचा असल्यास कारणे लेखी द्यावीत, म्हणजे त्याविरुद्ध दाद मागता येईल. शुल्क केंद्राच्या उत्पन्नाशी निगडित असावे आणि मुदतीच्या मध्येच ते वाढवू नये. हीच वार्षिक सुनावणी आकाशवाणीच्या केंद्रांनाही लागू करण्यास हरकत नसावी.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, सुनावणीचा तमाशा होईल. पुढारी आपली माणसे भरून आणतील. ग्रामसभांचा अनुभव पाहता हा आक्षेप खोटा म्हणता येणार नाही. पण ग्रामसभा बिघडते म्हणून कोणी ती रद्द करा असे म्हणत नाही. इतिवृत्त लिहा, ते प्रसिद्ध करा, असे म्हणतो. सुनावणीचा निकाल हात वर करून लावावयाचा नाही. तिच्यात पुढे आलेली माहिती आणि केंद्राचे ध्वनिमुद्रित कार्यक्रम यांवरून तो लागावा. दुसरा आक्षेप असा की, लोकमताच्या भीतीने केंद्रे बोटचेपी होतील. याचे उत्तर असे की, आज ती मंत्रालयाच्या भीतीने बोटचेपी आहेतच. भ्यावयाचेच असेल तर सचिवापेक्षा श्रोत्याला भिणे अधिक लोकशाहीचे आहे.

२०३० ला फार काळ उरलेला नाही. त्या वेळी पुन्हा एकदा शुल्काचे सूत्र ठरेल, पुन्हा कोटींचे आकडे छापून येतील आणि आपण ते वाचून पान उलटू. माझ्या वडिलांच्या पिढीने ऐकण्याच्या परवानगीसाठी वर्षानुवर्षे टपाल कचेरीत रांगा लावल्या आणि कधी तक्रार केली नाही. त्या पिढीला कर्तव्य होते, हक्क मात्र कोणी सांगितला नव्हता. आपल्याला तो सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितला आहे. आता नियमांच्या पुस्तकात त्याच्यासाठी एक कलम मागून घेण्याचे काम उरले आहे, आणि ते दिल्लीतील कोणी आपल्यासाठी करणार नाही.